फोटोखालची ओळ



छायाचित्रकारांच्या या मंडळाच्या अध्यक्षपदावर मला बसवलंत. वर्षभराच्या कामाचा आढावा घेणं ही अध्यक्षाची रीत. सकाळी प्रदर्शन पाहिलं. शेवटच्या लोकलमधले आणि भाऊच्या धक्क्यावरचे फोटो तर थांबून पाहावेत असे आहेत. पण त्यांच्याखाली काय लिहिलंय? ‘प्रतीक्षा’. ‘जगणं’. ‘शीर्षकहीन, मुंबई’. कुठला नाका, कुठलं साल, समोरचा माणूस कोण, काही नाही. आढावा मी इथेच सोडतो. हे मला फार वर्षांपासून बोलायचं होतं.

या शहरात फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 साली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळात कॅमेरा चालवत होते. विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या लोकांचे फोटो जमवून 1863 मध्ये ग्रंथ काढला. त्यात स्टुडिओत उभी केलेली माणसं कापून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवलेली आहेत. खाली ज्ञातीचं नाव, माणसाचं बहुधा नाहीच. साहेबाला जातींची यादी हवी होती, ती त्याने केली. आपण आपल्याच माणसांचे फोटो काढतो आणि त्यांच्या गल्लीचंही नाव लिहीत नाही.

31 मार्च 1964 ला मुंबईची ट्राम बंद झाली. दादर टी.टी., म्हणजे ट्राम टर्मिनस, म्हणताना आपण अजून तिचंच नाव घेतो. पण ट्रामचा जुना फोटो हाती आला की दुकानांच्या पाट्यांवर भिंग धरून नाका शोधत बसावं लागतं. काढणाऱ्याने मागे चार शब्द लिहिले असते तर?

काल चर्चासत्रात एका मित्राने ठासून सांगितलं, की फोटो स्वतः बोलतो, ओळ घातली की कला मरते. त्यांना उत्तर म्हणून एक अनुभव सांगतो. गिरणी संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात काळाचौकीला एका गिरणीच्या फाटकासमोर मी फोटो काढला. पगाराचा दिवस. पाळी सुटलेली, माणसं कठड्यावर बसलेली, कुणाच्या मांडीवर डबा, कुणी विडी शिलगावतोय. मधल्या गड्याने कपाळाला हात लावलाय, कारण समोरून ऊन येतंय. तारीख, फाटक, ‘पगाराचा दिवस’, सगळं मी प्रिंटमागे मऊ पेन्सिलीने लिहिलं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी एका दैनिकाने संपावरच्या पुरवणीत तो छापला. मागचं कुणी वाचलं नाही. खाली ओळ दिली : ‘संपाने खचलेला कामगार’.

फोटोतला तो मधला गृहस्थ कात्रण घेऊन माझ्या घरी आला. म्हणाला, “दादा, त्या दिवशी माझ्या खिशात पगार होता. संपात तर मी रोज फाटकावर उभा राहायचो. आता नातू विचारतो, आजोबा, तुम्ही रडत होतात का?” मी दैनिकाकडे खुलासा मागितला. तो छापून आला नाही. फोटो स्वतः बोलतो म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, त्या दिवशी तो काय बोलला?

चित्राचं वेगळं असतं. सुधीर पटवर्धनांनी 2001 मध्ये ‘लोअर परळ’ रंगवलं. चित्रकाराने पूल इकडचा तिकडे केला, चाळ पुढे ओढली, तरी त्याचं चित्र खोटं ठरत नाही. ती मुभा आपल्याला नाही. आपण त्या ठिकाणी, त्या घटकेला हजर होतो, एवढंच आपलं बळ. तेच पुसून टाकल्यावर आपल्या हाती काय उरतं?

तरुण मंडळी सांगतात, मोबाइलमध्ये तारीख आपोआप पडते. पडते खरी, आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की निघूनही जाते. शिवाय माणसाचं नाव कुठलंच यंत्र विचारत नाही. विचारल्याने क्षण बिघडतो, ही तक्रारही मला मान्य नाही. आधी फोटो काढा, मग दोन पावलं पुढे जाऊन बोला. त्याने नाव नको म्हटलं तर लिहू नका, पण नाका आणि तारीख लिहाच.

लालबाग-परळच्या, गिरगावच्या घरांत ट्रंकांमधून अजून प्रिंट पडून आहेत. त्यांतली माणसं ओळखणारे म्हातारे आहेत तोवर मंडळाने घरोघर जाऊन नावं लिहून घ्यावीत. पैसा कुठून आणायचा, कुणी जायचं, ते कार्यकारिणीने बसून ठरवावं. एक निर्णय मात्र आजच होऊ शकतो. ठिकाण आणि तारीख नसलेली प्रवेशिका पुढच्या वर्षीपासून परीक्षकांनी परत पाठवावी. आज हा ठराव फेटाळलात, तर माझी मुदत संपेपर्यंत प्रत्येक बैठकीत मी तो पुन्हा मांडणार आहे.