आवाज, आजार आणि आवई
(केंद्रसंमेलनातील भाषण)



मागील संमेलनाच्या वेळी एका शिक्षिकाबाईंनी मला एक प्रश्न विचारला होता. त्यांच्या सातवीच्या वर्गातील एका मुलाने मोबाईलवर पाहिले की, नुसत्या आवाजाने माणसाचा मेंदू बिघडविणारे यंत्र निघाले आहे. त्याने ते वर्गात सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी चार मुलींचे डोके दुखू लागले. "मी मुलांना काय सांगू?" असे बाईंचे विचारणे होते. त्या वेळी मजपाशी नीट उत्तर नव्हते. आज ते देण्याचा यत्न करतो.

ज्या प्रकरणातून ही आवई जगभर पसरली ते क्यूबा देशाची राजधानी हवाना येथील आहे. अमेरिका व क्यूबा यांचे तुटलेले राजनैतिक संबंध २०१५ साली पुन्हा जुळले होते. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस तेथील अमेरिकन वकिलातीतील काही जणांना रात्री घरात कर्कश, किणकिणता आवाज ऐकू येऊ लागला, आणि त्याबरोबर कान दुखणे, घेरी येणे, मळमळणे, विस्मरण होणे अशा तक्रारी सुरू झाल्या. कॅनडाच्या वकिलातीतील लोकांनाही असाच त्रास झाला. हे ध्वनिशस्त्र असावे, असा तर्क निघाला. वृत्तपत्रांनी तो उचलून धरला, आणि थोड्याच काळात तर्काचे 'हल्ला' असे नामकरण झाले.

येथे क्षणभर थांबावे. 'हल्ला' म्हटले की हल्लेखोर गृहीत धरावाच लागतो. २०१७ च्या सप्टेंबरात अमेरिकेने वकिलातीतील बहुतेक माणसे परत बोलाविली व पुढल्या महिन्यात क्यूबाच्या पंधरा अधिकाऱ्यांना देशाबाहेर काढले. हवानातील प्रवेशपरवान्याचे काम जवळजवळ बंद पडले. अमेरिकेतील आप्तांकडे जाऊ इच्छिणाऱ्या सामान्य क्यूबन माणसास केवळ अर्ज करण्यासाठी कोलंबिया वा गयाना ह्या परक्या देशाची वाट धरावी लागू लागली. त्याने कोणताही आवाज केला नव्हता.

आता आवाजाचे पाहू. वकिलातीतील लोकांनी तो ध्वनिमुद्रित केला होता आणि २०१७ च्या ऑक्टोबरात एका वृत्तसंस्थेने तो प्रसिद्ध केला. अलेक्झांडर स्टब्स व फर्नांडो मॉन्टेआलेग्रे ह्या दोन जीवशास्त्रज्ञांनी त्याची तपासणी केली. सेकंदास सुमारे सात हजार कंपने, आणि त्यांचे ठरावीक तुटक ठोके. तो वेस्ट इंडीजमधील एका आखूड शेपटीच्या रातकिड्याचा आवाज होता, असे त्यांनी २०१९ च्या जानेवारीत जाहीर केले. नर रातकिडा पंखावर पंख घासून मादीला साद घालतो, तीच ही साद.

एक अडचण मात्र होती. रानात मुद्रित केलेली रातकिड्याची साद अगदी नियमित असते. वकिलातीच्या मुद्रणात ठोके अनियमित होते. तेव्हा ह्या दोघांनी ती साद खोलीत ध्वनिवर्धकावरून वाजविली आणि पुन्हा मुद्रित केली. भिंतींवरून परतलेल्या प्रतिध्वनींमुळे नियमित साद तशीच विस्कटून ऐकू आली. हे मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते. "किडाच तो!" असे म्हणून ते मोकळे झाले नाहीत, न जुळणारा भाग का जुळत नाही, हे त्यांनी करून पाहिले.

परंतु ह्याच शास्त्रज्ञांनी बजाविले की, आवाज कोणाचा हे कळले, तरी आजार कशाचा हे त्यावरून ठरत नाही. मुद्रित झालेला आवाज एक आणि दुखणे दुसरे. आवाज किड्याचा ठरला म्हणजे माणसे खोटे बोलत होती, असा निष्कर्ष काढणे ही दुसऱ्या टोकाची आवईच होय.

आजाराचा शोध अधिक गुंतागुंतीचा ठरला. २०१८ मध्ये एकवीस रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनी, डोक्याला मार न बसताही मार बसल्यासारखी लक्षणे दिसतात, असे लिहिले. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने रेडिओलहरींच्या झोताची शक्यता पुढे मांडली. २०२१ मध्ये भारतभेटीवर आलेल्या अमेरिकन गुप्तहेरप्रमुखांच्या पथकातील एकाने अशीच तक्रार केली, तेव्हा आपल्याकडील वृत्तपत्रांतही हा विषय आला. २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या बहुतेक गुप्तचर संस्थांनी परकीय शत्रूचा हात असणे फारच असंभवनीय ठरविले. २०२५ च्या जानेवारीत मात्र सातांपैकी दोन संस्थांनी आपले मत काहीसे सौम्य केले. मधल्या काळात, २०२४ साली, ऐंशीहून अधिक रुग्णांच्या मेंदूचे चित्रण निरोगी माणसांच्या चित्रणाशी ताडून पाहण्यात आले. लक्षणीय फरक आढळला नाही. तरीही त्यांचा थकवा, तोल जाणे, खिन्नता ही खरी आहेत, असे त्याच संशोधकांनी आवर्जून सांगितले.

ह्या हकिगतीत एक बारीकशी गोष्ट आहे, आणि बाईंच्या वर्गाशी तिचाच निकटचा संबंध आहे. कोणता आवाज आला म्हणजे सावध व्हावयाचे हे कळावे, म्हणून वकिलातीतील कर्मचाऱ्यांना ती मुद्रणे ऐकविण्यात आली होती, असे वृत्त तेव्हा आले होते. हेतू काळजीचाच होता. परंतु एकदा कान अशा रीतीने लावून ठेवला की, रोज रात्री ओरडणारा किडाही नवा वाटू लागतो, आणि त्या दिवशीची साधी डोकेदुखीही त्याच्याच नावावर जमा होते. भीतीने डोके खरोखर दुखते. ते सोंग नव्हे.

म्हणून बाईंना माझे सांगणे असे : त्या चार मुलींस वर्गाबाहेर सावलीत बसवावे, पाणी द्यावे, सकाळी काही खाल्ले होते की नाही ते विचारावे. दुखणे राहिले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे व घरी कळवावे. काय होते हे प्रत्येकीस वेगवेगळे, तिच्याच शब्दांत सांगू द्यावे. "तुला आवाज ऐकू आला का?" हा प्रश्न साऱ्या वर्गासमोर विचारू नये. आणि ज्या मुलाने ती बातमी आणली त्याला रागे न भरता पावसाळ्यात एक काम सांगावे : रातकिड्याची साद मोबाईलवर एकदा उघड्या माळावर आणि एकदा शाळेच्या खोलीत मुद्रित करून आणावी, आणि दोन्ही वर्गाला ऐकवावीत.