डाव्या कानातली गिटार

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



शाळेच्या आठवणींवर बोल, असं मला संयोजकांनी सांगितलंय. मी सुरुवात मात्र तीन गिटारवाल्यांपासून करणार आहे. थोडं सांभाळून घ्या, शेवटी शाळेतच येऊ.

इंजिनीअरिंगला असताना मी बोईसरहून मुंबईला रोज ये-जा करायचे. फोर्टच्या फुटपाथवर एक कॅसेट मिळाली, ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’. त्यातला बहुतेक भाग ५ डिसेंबर १९८० च्या रात्री तिथल्या वॉरफिल्ड थिएटरात झालेल्या कार्यक्रमाचा. ड्रम नाही, की-बोर्ड नाही, फक्त अकूस्टिक गिटार. स्पेनचा पाको दे लुसिया नुसत्या बोटांनी फ्लॅमेंको वाजवणारा. इंग्लंडचा जॉन मॅकलॉफ्लिन जॅझमधला, आपल्या झाकीर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’ गटात वाजवून आलेला. आणि अमेरिकेचा अल डि मिओला, पिकने सुसाट सुटणारा. धून कधी ब्राझीलच्या एगबेर्तो जिस्मोंतीची, कधी जॅझ पियानोवादक चिक कोरियाची.

माझ्या वॉकमनच्या इअरफोनचा उजवा कान बंद पडलेला होता. त्या ध्वनिमुद्रणात पाको डावीकडे, डि मिओला उजवीकडे आणि मॅकलॉफ्लिन मध्ये आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पहिल्या तुकड्यात फक्त पाको आणि डि मिओला आहेत. म्हणजे माझ्या वाट्याला एकटा पाको! तो अप्रतिम वाजवायचा आणि मग मध्येच बराच वेळ नुसता ठेका धरून बसायचा. मागे काहीतरी पुसट ऐकू येई, तेवढंच. मला वाटायचं, दमला असेल. केळवे रोड ते सफाळे मी ती कॅसेट पुढे पळवायचे.

पहिल्या पगारात नवा इअरफोन घेतला आणि गाडीतच थक्क झाले. जिथे पाको ‘दमायचा’, तिथे दुसरा गगनाला भिडत होता. पाको त्याच्या पायाखाली जमीन धरून होता. मी नेमकं तेच पुढे पळवत आले होते.

त्या दिवशी मला आपली नववी आठवली.

आपल्या वर्गात अणुऊर्जा केंद्राच्या कॉलनीतली मुलं होती, एमआयडीसीतल्या कामगारांची होती, किनाऱ्यावरच्या गावांतली होती, पाड्यांवरची होती. घरची बोली प्रत्येकाची वेगळी. गॅदरिंगच्या समूहगीताची प्रमुख मी होते. किनाऱ्याकडून येणाऱ्या एका मैत्रिणीचा आवाज आम्हा सगळ्यांहून मोठा आणि गोड. पण तिचे ‘ण’ आणि ‘ळ’ आमच्यासारखे येत नव्हते. तालमीत मी तिला म्हणाले, “तू नुसते ओठ हलव.” मला हे कुठल्याही बाईंनी सांगितलं नव्हतं. माझंच डोकं.

तिने ओठ हलवले. आपल्याला बक्षीस मिळालं. तो फोटो मध्यंतरी आपल्या ग्रुपवर फिरला, सगळ्यांनी बदाम टाकले. मी तो मोठा करून पाहिला. सगळ्यांत जास्त उघडलेलं तोंड तिचंच आहे.

पाकोचं संगीत घरी वडिलांकडून, भावांकडून आलेलं. जॅझवाल्यांमध्ये बसायला त्याने नवं पुष्कळ शिकून घेतलं, पण आपला फ्लॅमेंको दाराबाहेर ठेवून तो आत आला नाही. तुझे उच्चार जॅझसारखे नाहीत, तू नुसती बोटं हलव, असं त्याला कोणी म्हणालं असतं तर ती रात्र घडली असती का?

गेल्या महिन्यात मी तिला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “माझ्या लक्षात आहे. मी सगळं गाणं तुझ्याकडे बघत होते. तू एकदाही मागे वळली नाहीस.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “पण मी गाणं सोडलं नाही हां.” गावातल्या लग्नांत आजही तिला गायला बोलावतात.

ती आज इथे आली आहे. हे सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. अगं, चुकलं माझं. एवढंच म्हणते, सगळ्यांसमोर ‘माफ केलं’ म्हणायची वेळ मी तुझ्यावर आणणार नाही.

एक विनंती मात्र आहे. संध्याकाळचं समूहगीत तू सुरू कर, तुझ्या ‘ण’ आणि ‘ळ’सकट. फ्लॅमेंकोत टाळ्यांच्या साथीला ‘पाल्मास’ म्हणतात आणि ती साधी गोष्ट नसते. मला येत नाही. तरी ठेका मी धरीन, आणि या वेळी तुझ्याकडे तोंड करून उभी राहीन.