दोन घड्याळांची रुजवात



पहाटे आपल्या सड्यावर ध्वनिमुद्रक ठेवावा, शेजारी बसून जाणकाराने हातघड्याळ पाहत कोणता पक्षी केव्हा बोलला याची वही भरावी, आणि मुद्रणातील आवाज संगणकाने ओळखले की ती ओळख या वहीशी ताडून पाहावी, असा हा उद्योग वरकरणी सरळ वाटतो. परंतु दोन दफ्तरे समोरासमोर मांडली की पहिला तंटा पक्ष्याविषयी नव्हे, वेळेविषयी उभा राहतो. वहीत तांबट ६ वाजून १२ मिनिटांनी बोलतो, यंत्राच्या दफ्तरी मध्यरात्रीनंतर ४२ मिनिटांनी! कारण यंत्र ग्रिनिचच्या वेळेवर चालते. ही साडेपाच तासांची तफावत निरुपद्रवी होय. एकदा मिळवली की मिटली. १९०६ साली हिंदुस्थानची प्रमाणवेळ मुक्रर झाल्यावरही मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही, तरी दोहोंचा हिशेब कोणालाही तोंडी करता येई.

खरी पंचाईत वाढत्या तफावतीची. मुद्रकाचा स्फटिक दशलक्षात २० भाग चुकला, तर घड्याळ दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला सुमारे ५२ सेकंद सरकते. हे दुखणे आपल्या कोकणाला अपरिचित नाही. कोकणातल्याच गणेश दैवज्ञांनी शके १४४२ च्या आरंभापासून गणित मांडून 'ग्रहलाघव' हा पंचांगगणिताचा ग्रंथ रचला. पुढे शतकानुशतके सूक्ष्म अंतरे साचत गेली, आणि पंचांगातले ग्रह व आकाशातले ग्रह यांची ताटातूट झाली. ज्या टिळकांचा जन्म याच रत्नागिरीत झाला, त्यांनी प्रत्यक्ष वेधाशी जुळणाऱ्या पंचांगाचा पक्ष घेतला, तो याचसाठी.

शिवाय 'केव्हा' या शब्दाचा अर्थ दोन्ही दफ्तरांत एक नसतो. बर्डनेटसारखी प्रणाली मुद्रणाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे पाडून अख्ख्या तुकड्यावर निर्णय देते व तुकड्याचा आरंभ नोंदवते. माणूस आधी ऐकतो, मग घड्याळ पाहतो, मग लिहितो. यंत्र अलीकडे झुकते, माणूस पलीकडे.

मग आवाजच एकमेकांवर बसवून वेळ जुळवावी, असे कोणी म्हणेल. तांबटावर हा प्रयोग करून पाहावा. सेकंदाला सुमारे दोन, अशा संथ, सारख्या ठोक्यांनी तो कितीतरी वेळ बोलत राहतो. दफ्तर एका ठोक्याने सरकवले तरी मधले सगळे ठोके पुन्हा तंतोतंत जुळलेले दिसतात, आणि चूक कोणाच्या ध्यानीही येत नाही. यंत्राला अधिक गुण मिळेपर्यंत वेळ मागेपुढे करणारेही मी पाहिले आहेत. माझ्या मते ती रुजवात नव्हे, यंत्राची मनधरणी होय.

म्हणून माझी विनंती एवढीच, की सड्यावर जाणाराने हातघड्याळ आधी मोबाईलशी जुळवावे, आणि मुद्रक सुरू करताना व बंद करण्यापूर्वी, दोन्ही वेळा, मोबाईलवरची वेळ सेकंदासह मोठ्याने उच्चारून एक खणखणीत टाळी वाजवावी, म्हणजे मुद्रक आरंभी किती चुकला होता आणि मध्यंतरी किती सरकला, दोन्ही कळेल.