आशाताईंचे मानधन आणि आपला उपकर

(एचएसआर लेआउट, बंगळूर येथे रेल्वे कामगारांच्या मेळाव्यात युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



आशा कार्यकर्त्यांच्या मागण्यांना पाठिंब्याचा ठराव आज आपल्यापुढे आहे. तो शाखांत वाचला तेव्हा काही सभासदांनी सरळ विचारले, "त्यांचे पैसे वाढले की भुर्दंड आमच्यावरच ना? आयकर तर आमच्याच पगारातून कापतात." प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे.

घरी गेल्यावर आपला फॉर्म नंबर १६ काढून पाहा. आयकरावर २०१८ पासून शेकडा ४ आरोग्य व शिक्षण उपकर बसतो. ज्याचा कर ८७,५०० रुपये, त्याचा उपकर ३,५००. आशाताईंना नेहमीच्या कामांसाठी केंद्राकडून दरमहा मिळणारी रक्कम २०१८ मध्ये १,००० ची २,००० झाली आणि २०२५ मध्ये केंद्राने ती ३,५०० केली. म्हणजे एका सभासदाचा वर्षाचा उपकर ही एका बाईची महिन्याची रक्कम! उपकरात राज्यांचा वाटा नसतो, तो सगळा केंद्राकडेच राहतो. तेव्हा पैसा आधीच कापलेला आहे. त्याचा जाब आपण दिल्लीला विचारायचा, त्या बायांना नव्हे. त्याही मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के कर भरतात, आणि तो मोबाईल सरकारी कामाची माहिती भरायलाच लागतो.

२०१९ मध्ये कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडले. तेव्हा पैसा कुठून येणार, असे कोणी विचारल्याचे मला तरी आठवत नाही.

२००५ पासून ही योजना चालू आहे. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, क्षयरोग्याची औषधे, करोनात घरोघर फिरणे, सगळे यांनीच केले. पण कागदावर त्या 'स्वयंसेविका'. म्हणून किमान वेतन नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने यांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरव केला. गौरवाने किराणा येत नाही.

आपल्या रेल्वेतही हेच होते. प्रोजेक्टवरचे कॅज्युअल लेबर वर्षानुवर्षे राबायचे आणि काम संपले की घरी. १९८५ मध्ये इंद्रपाल यादव खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्यांना टेम्पररी स्टेटसचा मार्ग मोकळा केला. आज परमनंट म्हणून मिरवणाऱ्या किती घरांत ती भाकरी आली, हे जुन्या गँगमनना विचारा.

याच शहरात जानेवारी २०२५ मध्ये आशाताई फ्रीडम पार्कवर थंडीत बसल्या. एप्रिलपासून दरमहा किमान १०,००० रुपये, असा शब्द मुख्यमंत्र्यांनी दिला तेव्हा त्या उठल्या. ऑगस्टमध्ये त्याच शब्दासाठी त्यांना पुन्हा बसावे लागले. महाराष्ट्रातही २०२३ च्या संपात मिळालेल्या आश्वासनासाठी जानेवारी २०२४ मध्ये दुसरा संप करावा लागला.

आता ठराव वाचतो. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आधी इथे येऊन बोलावे, मग मत घेऊ.