मुक्या वनचरांसाठी वर्गणी
(वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी आपला समाज वर्षानुवर्षे वर्गणी देत आला आहे. आज मी ज्या कार्यासाठी आपणांपुढे झोळी पसरणार आहे, ते आपल्या ज्ञातीचे नव्हे. किंबहुना मनुष्यजातीचेही नव्हे.

डिसेंबर 2024 मध्ये आपल्या येडशी-रामलिंग अभयारण्यात एक वाघ कॅमेऱ्यात दिसला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून तो 450 ते 500 किलोमीटर चालत आला होता. साऱ्या जिल्ह्यात त्याचीच चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. वाघाची चिंता वाहण्यास सरकार आहे, वर्तमानपत्रेही आहेत. परंतु आपल्या शेतातील बिनकठड्याच्या विहिरीत पडलेल्या कोल्ह्याची, पतंगाच्या मांज्याने पंख कापलेल्या घुबडाची, वाहनाखाली सापडलेल्या खोकडाची चिंता कोण वाहतो? विहीर आपली, मांजा आपल्या मुलांचा आणि वाहनही आपलेच!

अशा प्राण्यास घरी ठेवून दूध पाजणे ही दया वाटते. वस्तुतः 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तसे करता येत नाही, आणि त्यात प्राण्याचे हितही नाही. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे, हाच मार्ग. शेतात आढळलेली सशाची पिले तर बहुधा अनाथ नसतातच. आई संध्याकाळनंतर पाजावयास येते. ती तेथेच राहू द्यावीत. ही शुश्रूषा बिनखर्चाची आहे.

सर्वच शुश्रूषा तशी नसते. मोडलेल्या पंखाचे हाड जुळल्यावर पक्ष्यास मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव द्यावा लागतो. तोवर कित्येक आठवडे त्याचा आहार, औषध, राखण हे चालू ठेवावे लागते. शिवाय तो माणसाळू नये म्हणून जपावे लागते ते निराळेच. शेजारच्या बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे सिद्धार्थ व सृष्टी सोनवणे या दांपत्याचे ‘सर्पराज्ञी’ केंद्र हे काम करीत आहे. पुण्यास ‘रेस्क्यू’ हा न्यास आहे. अशा संस्थांना लोकांच्या देणग्यांचा आधार लागतो, आणि देणगी आपण होऊन चालत येत नाही. कोणीतरी दारोदार जावे लागते.

दारोदार जाण्याची लाज आपणांस नसावी. तुळजाभवानीच्या नावाने पाच घरी जोगवा मागण्याची रीत याच भूमीतली. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा मागून पैसाफंड उभारला, आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावचा काच कारखाना निघाला. मोठ्या देणगीदाराची वाट पाहत बसले असते, तर तो निघता ना! मला तर एका धनिकाच्या 10,000 रुपयांपेक्षा 100 घरांचे 100 रुपये अधिक मोलाचे वाटतात. ज्या घराने वर्गणी दिली, त्या घरात विहिरीच्या कठड्याचा विषय निघतोच.

हिशेबाविषयी मात्र मी कठोर आहे. वर्गणीवरून मने दुरावलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. म्हणून ज्या नोंदणीकृत न्यासास रक्कम द्यावयाची, त्याच्याच पावतीवाचून स्वयंसेवकाने एक रुपयाही घेऊ नये. प्रवासखर्च ज्याचा त्याने सोसावा. आणि जमा रकमेचा तपशील पुढील वर्षीच्या स्मरणिकेत घरवार छापावा. प्राप्तिकराची सवलत हवी असेल त्यांनी 2,000 रुपयांवरील देणगी रोख देऊ नये, ती सवलतीस पात्र ठरत नाही.

प्रत्येक स्वयंसेवकाने पाचच घरे घ्यावीत, अधिक नकोत. भूम, परंडा, कळंब, उमरगा या तालुक्यांतील तरुण-तरुणींनी आपली नावे आज भोजनापूर्वी चिटणिसांकडे द्यावीत. ज्यांच्या शेतात उघडी विहीर आहे, त्यांनीही तेथेच नोंद करावी. उन्हाळ्यात कठडा बांधावयास आपली मुले श्रमदानाने येतील, दगड व सिमेंट तेवढे मालकाने द्यावे.