जॉयस्टिक बिघडली नाही, निरोप अडकलाय



नव्वदच्या दशकात आपल्यापैकी बऱ्याच जणांनी गल्लीतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात एकेक रुपयाची नाणी संपवली आहेत. कॅपकॉमचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा गेम त्या नावाने फारसं कोणी ओळखत नव्हतं. आपल्यासाठी तो 'मुस्तफा'. इंदूर, बडोदा, हैदराबाद, पुणे, कुठेही जा, नाव तेच! आता तीच पिढी चाळिशीत आली आहे आणि घरात लाकडी आर्केड कॅबिनेट बांधून घेते आहे. आत जुना पीसी किंवा रास्पबेरी पाय, वर मॉनिटर, समोर दोन जॉयस्टिक आणि बटणं, आणि जुने गेम चालवायला मेम हे सॉफ्टवेअर.

मी ही कॅबिनेट बांधतो आणि दुरुस्त करतो. आज बांधण्याबद्दल बोलणार नाही. बोलणार आहे ते बंद पडल्यावर काय करायचं याबद्दल.

एक गोष्ट आधी समजून घ्या. तुम्ही बटण दाबता तेव्हा एक निरोप निघतो. बटणाखाली छोटा मायक्रोस्विच असतो, तो 'टक्' करून दोन टोकं जोडतो. तिथून वायर एन्कोडर नावाच्या छोट्या बोर्डाकडे जाते. एन्कोडरमधून यूएसबीने संगणकाकडे, संगणकाकडून मेमकडे आणि मेमकडून गेमकडे. हा निरोप कुठल्या टप्प्यावर अडकला, एवढंच शोधायचं असतं.

मग सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण स्क्रू ड्रायव्हर घेतात. मी म्हणेन, साखळीच्या मधून सुरुवात करा. विंडोज असेल तर गेम कंट्रोलरची चाचणीची खिडकी उघडा. तिथे बटण दाबल्यावर दिवा लागतो. एन्कोडर कीबोर्डसारखा काम करणारा असेल तर नोटपॅड उघडा आणि बटणं दाबा. मेमच्या मूळ मांडणीत दुसऱ्या खेळाडूची जॉयस्टिक म्हणजे आर, एफ, डी, जी ही अक्षरं. ती उमटली पाहिजेत. उमटली, तर लाकूड, स्विच, वायर, एन्कोडर सगळे निर्दोष. दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे, पॅनेल उघडूच नका. उमटली नाहीत, तरच स्क्रू ड्रायव्हर. या दोन मिनिटांत अर्धं काम कमी होतं.

आता पॅनेल उघडलं समजा. एकच बटण मेलं आहे का, की ओळीने चार? हा प्रश्न फार मोलाचा आहे. बऱ्याच कॅबिनेटमध्ये एकच कॉमन वायर या बटणावरून त्या बटणावर अशी माळेसारखी फिरवलेली असते. माळ मध्ये तुटली की पुढची सगळी बटणं एकदम जातात. चार स्विच एकाच दिवशी खराब होत नाहीत. एक वायर निसटते.

माझ्या एका मित्राच्या घरी हेच झालं. त्याचे वडील आणि मुलगा रोज संध्याकाळी जोडीने खेळायचे. दोघांमध्ये साठ वर्षांचं अंतर. एरवी बोलायला विषय मिळत नाही, पण तिथे अर्धा तास आरडाओरडा चालायचा. एके दिवशी दुसऱ्या खेळाडूची निम्मी बटणं गेली. कोणीतरी पाहून सांगितलं, सगळं पॅनेल बदला, आठ हजार लागतील. कॅबिनेटवर चादर पडली. तीन आठवड्यांनी मी पाहिलं, तर कॉमन वायरची एक लग स्विचच्या पत्तीवरून सुटून लोंबत होती. पक्कडीने जरा दाबून परत बसवली. खर्च शून्य. आठ हजारांची गोष्ट वेगळीच, पण ते तीन आठवडे आजोबा आणि नातू एकमेकांशी खेळले नाहीत, ते कोण भरून देणार?

एकच बटण मेलं असेल तर एन्कोडरवरच्या दोन पिना अदलाबदल करा. बंद बटणाची वायर चालू जागेवर आणि चालूची बंद जागेवर. दोष दुसऱ्या बटणाकडे गेला, तर एन्कोडरची ती जागा गेली आहे. दोष तिथेच राहिला, तर वायर किंवा स्विच. मग यूएसबी काढून मल्टीमीटर बीपवर लावा आणि स्विचच्या टोकांना धरा. दाबल्यावर बीप आला पाहिजे. न दाबताच बीप येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर वायर चुकीच्या टोकाला आहे. स्विचला तीन टोकं असतात: कॉमन, नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड. आपल्याला पहिली दोन हवीत.

नवीन जॉयस्टिक बसवली आणि वर केल्यावर माणूस खाली जातो? घाबरू नका. दांडी मध्ये टेकलेली असते, वरचं टोक पुढे गेलं की खालचं टोक मागे जातं. म्हणून 'वर'ची वायर खालच्या स्विचला लागते.

आता असे दोष, जे दोष नसतातच. 'पॅक-मॅन' कोपऱ्यावर वळत नाही, जॉयस्टिक बदला, असं मला कितीदा सांगतात. पॅक-मॅन १९८० सालचा, चार दिशांच्या जॉयस्टिकसाठी बनलेला. आपण लावतो आठ दिशांची. दांडी जरा तिरकी गेली की दोन स्विच एकदम दाबले जातात आणि गेम गोंधळतो. जॉयस्टिकखाली दिशा ठरवणारी चकती असते, बऱ्याच प्रकारांत ती फिरवून चार दिशांची करता येते. मेममध्येही तशी सेटिंग आहे. 'स्ट्रीट फायटर टू' खेळताना मात्र परत आठ करा.

दुसरा नमुना. ऐन लढाईत विंडोजची खिडकी मध्ये येते, 'स्टिकी कीज हव्यात का?' मेममध्ये पहिल्या खेळाडूचं चौथं बटण म्हणजे डावी शिफ्ट. शिफ्ट पाच वेळा दाबली की विंडोजला वाटतं मदत हवी आहे. स्टिकी कीजचा शॉर्टकट बंद करा, विषय संपला.

तिसरा. पुन्हा चालू केलं की पहिला खेळाडू दुसरा होतो. दोन सारखे एन्कोडर असतील तर संगणक जो आधी सापडेल त्याला पहिला म्हणतो. दोघांना नेहमी त्याच त्या यूएसबी पोर्टला लावा. मेममध्ये विशिष्ट उपकरणाला क्रमांक बांधून देण्याची सोय आहे, ती वापरा.

चौथा प्रश्न वेळेचा. बिघाड कधी होतो? वीस मिनिटांनी गेम मंदावत असेल तर बंद लाकडी खोक्यात संगणक तापतोय. खाली एक आणि वर मागे एक झरोका ठेवा. थोडा वेळ न खेळल्यावर जॉयस्टिक झोपत असेल तर यूएसबीची वीजबचत बंद करा. रास्पबेरी पायवर कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसत असेल तर त्याला वीज पुरत नाही. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा चांगला पुरवठा लागतो. मोबाइलचा जुना चार्जर पुरत नाही. आणि वीज जाणाऱ्या गावात मेमरी कार्डाची एक प्रत काढून ठेवा. लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्डावरचं बिघडू शकतं.

आता जरा गंभीर. बटणाच्या कडेला किंवा धातूच्या पट्टीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर खेळ तिथल्या तिथे बंद करा. तीन पिनांचा प्लग आहे का, भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तिथे अनवाणी मुलं उभी असतात. आणि जुना काचेच्या नळीचा मॉनिटर असेल तर त्याच्या मागे हात घालू नका. प्लग काढल्यावरही त्या नळीत हजारो व्होल्ट टिकून राहू शकतात. हे काम जाणकाराचं.

शेवटी एकच नियम. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते लिहा. पॅनेलच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: कुठल्या रंगाची वायर कुठल्या बटणाची, कुठला एन्कोडर कुठल्या पोर्टला. पॅनेल पुढच्या वेळी उघडणारा माणूस तुम्ही नसाल, तुमची मुलगी असेल. तिला तो कागद मिळू दे.