तहकूब सभेतील लोकमत



राज्यशास्त्राच्या अध्यापकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद, आणि तेही वर्ध्याच्या भूमीवर, आपण मला दिले याबद्दल मी आपला ऋणी आहे. गेल्या वर्षात आपल्यातून गेलेल्या सहकाऱ्यांच्या स्मृतीस मी अभिवादन करतो. अध्यक्षाने विषयाचा समग्र आढावा घ्यावा असा प्रघात आहे, आणि लोकमत व राजकीय सहभाग या विषयावर तशी सामग्रीही विपुल आहे. वॉल्टर लिपमनने १९२२ मध्ये सामान्य नागरिकाच्या डोक्यातील चित्र आणि प्रत्यक्ष जग यांतील अंतर दाखवून दिले; जॉन ड्यूईने १९२७ मध्ये समोरासमोर बोलणाऱ्या स्थानिक समाजाकडे बोट दाखविले; आणि तेव्हापासून आपण या दोघांच्या मधल्या वाटेवर येरझाऱ्या घालीत आहोत. हा आढावा मी येथेच थांबवतो, कारण अनेक वर्षे मनात धरून ठेवलेली एक तक्रार आज मांडली नाही, तर ती मांडण्याचा प्रसंग पुन्हा येईल याची शाश्वती माझ्या वयाला देता येत नाही.

तक्रार अशी की, आपण सारे लोकमताचा अभ्यास मतदान केंद्राच्या दारात उभे राहून करतो, आणि ज्या ठिकाणी कायद्याने लोकांना एकत्र बसून मत बनविण्याचा अधिकार दिला आहे, त्या ग्रामसभेच्या तहकुबीकडे मात्र ढुंकूनही पाहत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद झाला. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तिला संविधानात स्थान मिळाले. सभेची गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल ती, अशी माफक ठेवलेली आहे. पण तेवढीही माणसे आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच उरत नाही. म्हणजे लोक आले नाहीत तरी लोकांचा ठराव होतो, आणि तो पुरेशा लोकांनी केलेल्या ठरावाइतकाच कायदेशीर ठरतो. घरकुलाचे लाभार्थी, रोजगार हमीची कामे, पंचायतीचा जमाखर्च, सारे या दारातून आत जाते. सहभागाच्या टक्केवारीवर प्रबंधामागून प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या शास्त्राने या एका तरतुदीवर चार पाने खर्ची घालू नयेत, याचे मला दुःख आहे, आणि रागही आहे.

आर्वी तालुक्यातील एका गावची २ ऑक्टोबरची सभा आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरलेली, टेबलावर महात्माजींची तसबीर आणि तिला घातलेला झेंडूचा हार, शेजारी ग्रामसेवकाची प्रोसिडिंग वही आणि अंगठ्यासाठी शाईचे पॅड. कोतवालाची दवंडी मोठ्या रस्त्यावरून फिरून परतली होती, पलीकडच्या वस्तीत ती गेलीच नव्हती. शिवाय सोयाबीन काढणीचे दिवस. अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब झाली. पुढल्या आठवड्यात ती पुन्हा भरली, तेव्हा दारूबंदी महिला मंडळाच्या बाया शेतावरून थेट, हातात विळे तसेच धरून, येऊन बसल्या. गांधीजींच्या या जिल्ह्यात दारूबंदी आहे हे आपण जाणताच, आणि ती असूनही गावोगाव काय चालते तेही जाणता. शाळेमागच्या नाल्यावर हातभट्टी लागते, मुले तिच्यावरून येजा करतात, असे त्या बाया एकामागून एक उठून सांगत होत्या. अध्यक्षस्थानावरून उत्तर आले की, हा विषय मूळ विषयपत्रिकेत नाही आणि तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही. नियमाप्रमाणे ते खरेच होते. तेव्हा एका वृद्धेने विचारले, “मंग आमी बोललो ते कोठी लिवलं जाईन, भाऊ?” या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही. वहीत त्या दिवशीचे सर्व ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ असे उतरले, आणि हजेरीपट पुढचे दोनतीन दिवस सह्यांसाठी घरोघर फिरत राहिला.

नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी असेही कायदा सांगतो. त्या गावी ती कागदावर झालेली होती.

त्यानंतरच्या पंचायत निवडणुकीत सत्ताधारी पॅनल पार कोसळले. जिल्ह्यातील वृत्तपत्रांनी त्याचे कारण जातीच्या गणितात शोधले, आणि आपल्यातील एका अभ्यासकाने त्या बातम्यांवरून तक्तेही काढले. आज सकाळच्या परिसंवादात मतदान जातीवर होते की प्रश्नांवर, हा वाद मोठ्या हिरीरीने झाला. माझ्यापुरता तो वाद त्या गावात कधीच मिटला आहे. ज्या बायांचे म्हणणे वहीत गेले नाही, त्यांनी ते मतपेटीत टाकले. जात तेथे होती, ती कोणत्या गावात नाही? परंतु ज्याला बोलण्याची जागा मिळत नाही, त्याचे कारण बाहेरच्या माणसाला दिसत नाही, आणि मग बाहेरचा माणूस त्याच्या आडनावावरून कारण ठरवून मोकळा होतो.

दुसरा वाद मतदानाच्या आदल्या रात्री वाटल्या जाणाऱ्या पैशाचा. माणसे विकली जातात, असे म्हणून आपण हळहळतो. वर्षातून चार वेळा ग्रामसभेत ज्याचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे होते, त्याला पाच वर्षांतून एकदाच विचारले, तर त्याच्याजवळ देण्यासारखी किंवा विकण्यासारखी तेवढी एकच वस्तू उरते, हे मात्र कोणी बोलत नाही. आणि तिसरा वाद भ्रमणध्वनीवरून पसरणाऱ्या अफवांचा. अफवेचा संदेश प्रत्येकाला एकट्याला गाठतो, चार माणसांत तोच बोलला गेला असता, तर कोणी तरी नक्की विचारले असते, “तू पायलं का?”

आपल्या सर्वेक्षणांविषयीही मला असेच स्पष्ट बोलावयाचे आहे. मी स्वतः विद्यार्थ्यांना घेऊन छापील प्रश्नावल्यांसह सेलू आणि समुद्रपूर तालुक्यांत वर्षानुवर्षे हिंडलो आहे. एका शेतकऱ्याने सारी उत्तरे देऊन झाल्यावर मला सांगितले, “गुरुजी, घरी इचारलं त आमी हो मनतो. चारचौघात इचारा, मंग समजन.” प्रश्नावलीत उतरते ते सरकीसकट कापसासारखे असते, शेजाऱ्याशी वाद झाला, कोणी उलट विचारले, कोणी हरकत घेतली, म्हणजे त्यातली सरकी निघते. ज्यांच्या विहिरीशेजारी आपली विहीर आहे आणि ज्यांच्या धुऱ्याला आपला धुरा लागून आहे, त्यांच्यादेखत उभे राहून बोललेले मत, आणि अनोळखी पोराला ओसरीवर बसून दिलेले उत्तर, या दोहोंना मी एकच नाव देऊ शकत नाही.

याच जिल्ह्याचा इतिहास पाहा. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजी सत्तेने हिंदुस्थान सोडावा असा ठराव केला, आणि १६ ऑगस्टला आष्टीची माणसे पोलीस ठाण्यावर चालून गेली. काहींनी प्राण दिले. महिन्याभरात हा ठराव खेड्यातील माणसाच्या हाडात कसा मुरला? वृत्तपत्र वाचणारे तेव्हा मूठभर होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीभोवती माणसे रात्र रात्र बसत होती, आणि शेजारी बसलेल्याच्या तोंडाकडे पाहून आपला निश्चय करीत होती.

याच्या उलट जानेवारी १९७६ चा प्रसंग. आणीबाणी ऐन भरात असताना विनोबांनी पवनारला आचार्यांचे संमेलन बोलाविले, आणि देशभरातून आलेल्या विद्वानांनी एकमताने निवेदन करून देशाला पुन्हा सामान्य स्थितीकडे नेण्याचा आग्रह धरला. मी तेव्हा नुकताच अध्यापनाला लागलो होतो. त्या निवेदनाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. परंतु मार्च १९७७ मध्ये उत्तर भारताने ज्या पक्षाला झिडकारले, त्याच पक्षाच्या पदरात बहुतेक विदर्भाने आपली मते टाकली. कोणाचे बरोबर, हा प्रश्न मी काढीत नाही. धाम नदीच्या काठी विद्वानांनी जे ठरविले ते देवळीच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाट नव्हती, आणि देवळीच्या शेतकऱ्याला काय वाटते ते धामच्या काठापर्यंत येण्याचीही वाट नव्हती, एवढेच माझे म्हणणे आहे. सेन्सॉरने वृत्तपत्रांचे तोंड बंद केले होते हे खरे. पण चावडी, पार आणि पंचायतीचे कार्यालय उघडेच होते.

गाव एकत्र बसून मत बनवू शकत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे जावे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांनी त्या गोंड गावात निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि निर्णयाच्या सभेहून वेगळा असा अभ्यासगट बसतो, ज्यात ठरवायचे काहीच नसते, केवळ समजून घ्यायचे असते. त्या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला. सर्वसहमतीचा तो आग्रह पवनारच्या विचारातूनच तेथे गेला. पवनारच्या पंचक्रोशीत तो का रुजला नाही, याचा शोध कोणी तरी घ्यावयास हवा.

या परिषदेने काही कामे हाती घ्यावीत असे मला वाटते. जिल्ह्यातील आठही तालुक्यांत पंचायतींच्या जुन्या प्रोसिडिंग वह्या वाळवीच्या तोंडी पडल्या आहेत, त्या एकत्र कराव्यात. तहकूब सभेच्या तरतुदीत दुरुस्ती सुचविणारा मसुदा कायदा जाणणाऱ्या मंडळींनी तयार करावा. निदान दुसऱ्यांदा गणपूर्ती न झाल्यास खर्चाचा विषय पुढे ढकलावा, इतके तरी त्यात असावे. आणखीही गोष्टी आहेत. त्यांचा तपशील तरुण सहकाऱ्यांनी ठरवावा.

माझी आजची विनंती मात्र एवढीच आहे. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आपापल्या गावच्या ग्रामसभेत जाऊन बसा; नावाने बोलावून शेजाऱ्यांना आणा; आणि सभा तहकूब करण्याची भाषा निघाली, तर हजेरीपटावर सही करण्यापूर्वी उभे राहून हरकत नोंदवा, आणि ती वहीत उतरल्याखेरीज उठू नका.